मांडवभर वेल, पण घड एकही नाही: घरच्या द्राक्षवेलीच्या जुन्या दुखण्याचे निदान

ऑक्टोबरची छाटणी होऊन तीन आठवडे उलटले, नव्या फुटी हातभर झाल्या, प्रत्येक फुटीवर बाळ्याच बाळ्या (आधाराला वेढे घालणारे तंतू) आल्या आणि घड मात्र एकही दिसला नाही, ही तक्रार घरी द्राक्षवेल लावणाऱ्यांना एकदा येऊन थांबत नाही. ती दर वर्षी ठरल्याप्रमाणे येते. मग खत बदलले जाते, कोणी ताक घालायला सांगते, कोणी बुंध्याशी मासळीचे पाणी ओतायला सांगते, आणि पुढच्या ऑक्टोबरात वेल आणखी माजून पुन्हा वांझच राहते. हे उपाय बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात केलेले असतात. द्राक्षाचा घड डोळ्यांना नोव्हेंबरात दिसतो, पण महाराष्ट्रात त्याचा निकाल मे-जूनमध्येच लागलेला असतो.

याचे कारण वेलीच्या रचनेत आहे. एप्रिलमधल्या छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या पानांच्या बगलेत डोळे तयार होतात, आणि छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात त्या डोळ्याच्या आत एक सूक्ष्म अंकुर घडतो. घड आणि बाळी ही या एकाच अंकुराची दोन रूपे आहेत. त्या दिवसांत डोळ्यावर आणि त्याच्या पानावर भरपूर ऊन पडले, काडीची वाढ बेताची राहिली आणि पानांनी केलेले अन्न काडीत साठले, तर अंकुर घडाकडे वळतो. सावली, ढगाळ हवा, जास्तीचे पाणी आणि नत्राचा मारा असला, तर तोच अंकुर बाळी होऊन बसतो. बागायतदार या टप्प्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. नाशिक आणि सांगली भागातले अनेक बागायतदार ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी बागेतल्या काही काड्या प्रयोगशाळेत देतात, तिथे डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि कितव्या डोळ्यात घड आहे हे कळल्यावरच कात्री चालवतात. घरी ही सोय नसते, म्हणून आपल्याला निदान उलट्या बाजूने, म्हणजे आलेल्या फुटीवरून, करावे लागते.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी, कारण ती चुकली असेल तर पुढचे सगळे वाचून उपयोग नाही. वेल नक्की कशाची आहे? बाजारातल्या बियांच्या द्राक्षातली बी रुजवून केलेली वेल फळावर यायला अनेक वर्षे घेऊ शकते आणि आल्यावरही मूळ जातीसारखी निघेलच असे नाही. दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. रोपवाटिकेतली रोपे बहुधा डोगरिजसारख्या जंगली खुंटावर, म्हणजे मुळांपुरत्या वापरलेल्या दुसऱ्या वेलीवर, कलम केलेली असतात. कलम मेले आणि जोडाच्या खालून खुंटच फुटला, तर घरमालक वर्षानुवर्षे त्या खुंटाचीच सेवा करत राहतो. माझ्या एका शेजाऱ्यांनी सहा वर्षे अशी वेल सांभाळली होती. जोडाची गाठ शोधावी, तिच्या खालून आलेली प्रत्येक फूट मुळापासून काढावी, आणि एकाच वेलीवर दोन वेगळ्या आकारांची पाने दिसत असतील तर संशय पक्का समजावा.

वेल खरी असेल तर आता फुटीकडे नीट पाहावे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फुटीवर घड साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या पानासमोर येतो. त्या जागी स्वच्छ, गुळगुळीत बाळी असेल, तर घड तयारच झाला नव्हता आणि दोष उन्हाळ्यातला आहे. त्या जागी अर्धवट बाळी असून तिच्या फाट्यावर चार-दोन हिरवे कण चिकटलेले असतील, तर घड आत होता पण फुटताना जिरला. हा दोष ऑक्टोबरातला आहे. काही फुटींवर घड आहेत आणि काहींवर नाहीत, असे असेल तर कात्री चुकीच्या डोळ्यावर चालली असण्याची शक्यता अधिक. या तीन दोषांचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे नोव्हेंबरातली ही पाच मिनिटांची पाहणी वर्षभराच्या खतापेक्षा जास्त कामाची ठरते.

घड तयारच झाला नसेल तर

पहिला प्रश्न असा की एप्रिलची छाटणी झाली होती का. दख्खनच्या पठारावर वेल हिवाळ्यात पूर्ण झोपत नाही, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात: मार्चअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. घरच्या वेलीवर पहिली छाटणी बहुधा होतच नाही, कारण भर उन्हाळ्यात हिरवीगार वेल बोडकी करण्याचा धीर होत नाही. पण ती न केल्यास जुन्याच काड्या लांबत राहतात आणि घड धरू शकतील असे नवे डोळे योग्य वेळी तयार होत नाहीत. खरड छाटणीत ओलांड्यावरच्या, म्हणजे खोडापासून आडव्या पसरलेल्या कायमच्या फांदीवरच्या, प्रत्येक काडीचा एकच डोळा राखून बाकी सगळे काढावे. कापल्या जागेतून पाणी ठिबकते, ते पाहून घाबरू नये. आठवड्याभरात ते आपोआप थांबते.

दुसरा प्रश्न उन्हाचा, आणि इथे मी स्वतः चार वर्षे फसलो आहे. पुण्यात आमच्या घराच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत मोठ्या पिंपात थॉमसन या बिनबियांच्या जातीची वेल होती. डिसेंबर-जानेवारीत तिथे दिवसभर ऊन असे, त्यामुळे जागेवर संशय घेण्याचे मनातही आले नाही. पाचव्या वर्षी मे महिन्यात दुपारी गॅलरीत उभा असताना लक्षात आले की सबंध गॅलरी सावलीत आहे. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडून जातो, आणि वरच्या मजल्याचा सज्जा असलेल्या दक्षिण गॅलरीत त्या दिवसांत थेट ऊन जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणजे वेलीला ऊन लागत होते ते घड पोसण्याच्या हंगामात, आणि घड ठरण्याच्या हंगामात ती अंधारात होती. महाराष्ट्र आणि गोव्यात सगळीकडे हे थोड्याफार दिवसांच्या फरकाने लागू पडते. नागपुरात हा काळ मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा असतो. पूर्व आणि पश्चिमेच्या गॅलरीची स्थिती याहून बरी, आणि उघडी गच्ची सर्वांत उत्तम. पिंप चाकांच्या पाटावर ठेवले तर एप्रिल ते जुलै जागा बदलणे फारसे अवघड नाही. आमची वेल गच्चीवर गेली आणि त्याच वर्षी सात घड लागले.

ऊन मिळूनही डोळ्यापर्यंत न पोहोचण्याचे दुसरे कारण म्हणजे गर्दी. पिंपातल्या वेलीवर आठ ते बारा काड्या पुरेत. एप्रिलनंतर येणाऱ्या बाकीच्या फुटी बोटभर असतानाच खुडाव्यात, आणि राखलेल्या काड्या एकमेकींवर न पडता पसरून बांधाव्यात. काडी सात-आठ पानांची झाली की पाचव्या पानावर शेंडा मारावा (टोक खुडावे), म्हणजे टोकाच्या बगलेतून उपकाडी निघते आणि वाढीचा जोर थोडा आवरला जातो. बागायतदार हिला सबकेन म्हणतात, आणि तिच्या गाठीजवळचे डोळे बहुधा फळधारक निघतात. त्यानंतर एकूण पंधरा ते सतरा पाने झाली की पुन्हा शेंडा मारून वाढ थांबवावी.

तिसरा प्रश्न खत आणि पाण्याचा. घरच्या वेलीचे लाड फार होतात. शेणखत, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे खत, पेंडेचे पाणी हे सगळे दर पंधरवड्याला मिळत असेल, तर वेलीला घडाची गरजच उरत नाही. ती पाने आणि लांब पेरांच्या काड्या काढत राहते. दोन डोळ्यांमधले अंतर वाढलेले, काडी जाड पण चपटी, शेंडा वेगाने पुढे धावणारा, ही माजलेल्या वेलीची खूण आहे. शेणखत खरड छाटणीच्या वेळी एकदाच द्यावे, छाटणीनंतर महिनाभराने नत्र देणारे सर्व काही बंद करावे, आणि पाणी इतकेच द्यावे की पाने कोमेजणार नाहीत. स्फुरद या टप्प्यात आणि पालाश काडी पिकताना उपयोगी पडते. वेलीला पूर्ण कोरडे ठेवून ताण देण्याचा सल्ला काही जण देतात, तो पिंपातल्या वेलीला मानवत नाही. मे महिन्यात पिंपाची माती एका दिवसात तापते आणि पांढरी मुळे भाजतात.

उरला पावसाळा. जूनमध्ये डोळ्यात घड ठरला तरी तो सप्टेंबरपर्यंत पोसायचा असतो, आणि ते काम पानांचे आहे. केवडा किंवा करपा येऊन ऑगस्टमध्येच पाने गळाली, तर काडी कच्ची राहते आणि ऑक्टोबरात फूट दुबळी निघते. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा; कोवळ्या काड्यांवर खोलगट काळे व्रण आणि पानांना बारीक छिद्रे पडली तर तो करपा; पानावर राखेसारखी पूड पसरली तर भुरी. पहिल्या दोन रोगांवर एक टक्का बोर्डो मिश्रण आजही घरी करता येण्याजोगा उत्तम उपाय आहे. अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद आणि दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये १० ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळा विरघळवावा, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावे आणि त्याच दिवशी फवारावे. स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो थोडा वाढवावा, अन्यथा पाने करपतील. कोवळ्या पालवीवर निम्म्या ताकदीचेच मिश्रण वापरावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम पुरते, मात्र पारा ३५ अंशांच्या वर असताना ते फवारू नये.

घड जिरला असेल किंवा कापला गेला असेल तर

फळछाटणीला निघण्याआधी काडी पिकली आहे का, हे पाहावे. काडी बुंध्यापासून शेंड्याकडे तपकिरी झालेली, आडवी कापल्यास गोल, आणि आतला गाभा तपकिरी असेल तर ती तयार आहे. गाभा पांढरा-हिरवा असेल तर त्या काडीकडून अपेक्षा ठेवू नये. थॉमसन आणि तिच्यापासून निघालेल्या सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन या जातींत काडीच्या अगदी तळाचे डोळे बहुधा रिकामे असतात. त्यामुळे गुलाब छाटतो त्याप्रमाणे दोन डोळ्यांवर कात्री चालवली, तर सगळे घड कचऱ्याच्या टोपलीत जातात. घरच्या वेलींची ही चूक मला सर्वांत जास्त वेळा आढळली आहे, आणि ती करणारे लोक बहुतेक वेळा चांगले माळीच असतात. सरळ काडी सात-आठ डोळ्यांवर कापावी. सबकेन केलेली असेल तर गाठीच्या पुढे एक-दोन डोळे राखावेत. पहिल्या वर्षी मुद्दाम चार काड्या पाच डोळ्यांवर आणि चार काड्या आठ-दहा डोळ्यांवर ठेवून प्रत्येकीला दोऱ्याची खूण करावी. घड कितव्या डोळ्यातून आला हे वहीत लिहून ठेवले की पुढच्या वर्षीची छाटणी अंदाजाने करावी लागत नाही.

घड जिरण्यामागे कच्ची काडी, छाटणीनंतर लगेच दिलेले भरपूर नत्र आणि पाणी, आणि सलग ढगाळ हवा ही मुख्य कारणे असतात. ढगांना इलाज नाही, पण फुटीवर घड स्पष्ट दिसेपर्यंत पाणी बेताचे ठेवणे आणि खत न देणे आपल्या हातात असते. बिनघडाच्या वांझ फुटी ओळखू येताच काढून टाकाव्यात, म्हणजे काडीतला साठा उरलेल्या घडांना मिळतो.

काडीच्या टोकाचे एक-दोनच डोळे फुटणे आणि बाकीचे झोपून राहणे ही अडचणही याच सुमारास येते. बागेत यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, अंगावर उडाले तर त्वचा भाजते, आणि त्या दिवसांत मद्य घेतल्यास प्रकृती गंभीर बिघडू शकते. घरी ते आणू नये. छाटणीपूर्वी दहा-बारा दिवस आधी पाने हाताने उतरवणे, छाटल्यावर काडी हलकी पिरगळणे आणि तिला कमानीसारखी वाकवून बांधणे एवढ्याने घरच्या दहा काड्यांचे काम भागते.

हवा बदलली की पंचांगही बदलते

वरचे सगळे वेळापत्रक नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या पट्ट्याचे आहे, आणि त्याच पट्ट्यातही थोडे पुढे-मागे करावे लागते. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर फळछाटणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबवावी, कारण छाटणीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, विशेषतः फुलोऱ्यात, भिजलेला घड केवड्याने एका रात्रीत तपकिरी होतो. मात्र नोव्हेंबरपर्यंत थांबल्यास डोळे थंडीत सापडतात. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, त्या वेळी मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले, म्हणजे मऊ होऊन पिकू लागलेले, मणी तडकतात.

कोकण आणि गोव्याबद्दल स्पष्ट सांगायचे तर थॉमसन तिथे लावू नये. रत्नागिरीच्या आसपास वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, तोही नेमका डोळ्यांतले घड पोसण्याच्या महिन्यांत, आणि ऑगस्टपर्यंत एकही पान वेलीवर टिकत नाही. औषधे फवारून ही लढाई जिंकता येत नाही, कारण पुढच्या सरीने औषध धुतले जाते. पान कोरडे ठेवणे हाच तिथला खरा उपाय आहे: पारदर्शक छपराखाली, पण चारी बाजूंनी वारा खेळेल अशा जागी पिंप ठेवावे, आणि बंगलोर पर्पलसारखी बियांची, जाड सालीची जात निवडावी. करपा ती पुष्कळ सोसते. तिच्या काडीवर तळाकडचे डोळेही घड देतात, म्हणून आखूड छाटणीची चूक तिच्याबाबतीत माफ असते. चव थॉमसनसारखी नसते. तिला स्वतःचा एक उग्र वास असतो, जो आमच्या घरात मुलांना आवडतो आणि मोठ्यांना नाही.

विदर्भात अडचण उलटी आहे. एप्रिलमध्यात खरड छाटणी केली तर कोवळी फूट बरोबर ४५ अंशांच्या तोंडी सापडते, शेंडे करपतात आणि उघड्या पडलेल्या ओलांड्याची साल भाजते. छाटणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उरकावी, ओलांड्याला चुन्याचा हात द्यावा, बुंध्याशी पाचटाचे आच्छादन करावे आणि फक्त पश्चिमेकडून हिरवी जाळी लावावी. वरून जाळी टाकली की पुन्हा सावलीचा प्रश्न उभा राहतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीसाठी मात्र तीच जाळी वर ओढता येईल अशी ठेवलेली बरी. काळ्या मातीत शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे दिसू लागले तर ती लोहाची उणीव असते, आणि पाणी साचत असेल तर ती कोणत्याही खताने भरून निघत नाही.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी घरांची अडचण सवयीतून येते. दिल्ली आणि आसपास वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, तिथे जानेवारीत एकच छाटणी करतात, मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा येतो आणि पर्लेटसारखी लवकर येणारी जात जूनच्या पावसाआधी पिकते. नाशिकची आठवण ठेवून तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी केली, तर लागलेले घडच कापले जातात. माझ्या आतेभावाने सलग दोन वर्षे हे केले आणि दोष दिल्लीच्या पाण्याला दिला. अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा कॅनडात तर थॉमसनची वेल हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते. तिथे १८४९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये निवडलेली कॉनकॉर्ड ही बंगलोर पर्पलच्या कुळातली जात लावतात आणि कडाक्याची थंडी ओसरताना, डोळे फुगण्यापूर्वी, वर्षातून एकदाच छाटतात.

घड लागल्यावर येणारी एक तक्रार तेवढी राहिली: मणी बारीक राहतात. बाजारातल्या थॉमसनचे मणी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवून, म्हणजे डिपिंग करून, आणि विरळणी करून मोठे केलेले असतात. काहीही न लावलेल्या थॉमसनचा मणी मुळातच लहान असतो. घडाच्या खालचे टोक आणि दाटीतले एक तृतीयांश मणी ज्वारीएवढे असतानाच कात्रीने काढले, तर उरलेले थोडे मोठे होतात. पाणी उतरल्यावर त्यांना गोडी भरायला फळछाटणीपासून एकूण ११० ते १३० दिवस लागतात, आणि त्या शेवटच्या पंधरवड्यात घडांना जुन्या सुती ओढणीच्या पिशव्या बांधल्या नाहीत तर बुलबुल पहाटे आपल्याआधी पोहोचतात.